वरचे एक्केचाळीस हजार

गुलाबराव मेश्रामांनी बुलेट घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते आणि त्यांचा उजवा गुडघा शंभरीला टेकला होता. स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधली अख्खी नोकरी त्यांनी सायकलवर काढली, रिटायर झाल्यावर स्कूटर घेतली. ती दोन वर्षांपूर्वी कॅम्प-1च्या बाजारात कोबीच्या पाल्यावरून घसरली. पुण्याहून त्यांचा मुलगा अतुल धावत आला, त्याने गुडघ्याचं औषधपाणी केलं आणि जाताना स्कूटर विकून गेला. पैसे बापाच्या खात्यात टाकले. हिशेबाला पोरगा चोख. विचारायचं तेवढं राहून गेलं.

तेव्हापासून गुलाबराव नगद जमवू लागले. याचं कारण काळा पैसा नव्हता, काळजीवाहू पोरगा होता. रिटायर होताना त्यांच्याकडे बटनांचा साधा फोन होता, म्हणून अतुलने बँकेत स्वतःचाच नंबर देऊन टाकला. आता हुडको वसाहतीच्या एटीएममधून गुलाबरावांनी नोटा काढल्या की पुण्यात अतुलचा खिसा थरथरायचा. दोन हजार निघाले तर काही नाही. आठ हजार निघाले की संध्याकाळी फोन: बाबा, तब्येत बरी आहे ना? म्हणून गुलाबराव थोडे थोडे काढायचे, घरखर्च म्हणायचे, आणि उरलेले दिवाणात सरकवायचे. दिवाण कुणाला मेसेज पाठवत नाही.

दिवाण भरला तसे ते शोरूममध्ये गेले. बिलाच्या काउंटरवर निशा नावाची मुलगी होती. गाडी, विमा, नोंदणी मिळून दोन लाख चाळीस हजार. गुलाबरावांनी तिच्यापुढे कापडी पिशवीचं तोंड उघडलं, तशी ती पिशवीत विंचू दिसल्यासारखी मागे सरकली. मग साखरेत घोळलेल्या हिंदीत तिने समजावलं, की एका बिलापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त नगद घेता येत नाही. घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला बसतो. गुलाबरावांनी सुचवलं, अर्धे आज घे, अर्धे सोमवारी. ती म्हणाली, बिल एकच, म्हणजे मोजणार एकच. मग त्यांनी अर्धे बायकोच्या हातून द्यायची तयारी दाखवली. ती हसली आणि तिने चहा मागवला. चहावर तोडगा निघाला: एक लाख नव्याण्णव हजार नगद, वरचे एक्केचाळीस हजार खात्यातून.

गुलाबराव पिशवी काखेत मारून बाहेर पडले. पेन्शन स्वतःची, कर कापून आलेली, आणि खर्चायला बंदी, हे त्यांना लागलं. पण प्रामाणिकपणे बोलायचं तर सरकारवर त्यांचा फार राग नव्हता. सरकारने बघावं खुशाल. सरकार काही संध्याकाळी फोन करून तब्येत विचारत नाही. अडचण पुण्याची होती. एक्केचाळीस हजारांचा मेसेज गेला, की रात्रीच्या गाडीने अतुल हजर, आणि बुलेट स्कूटरच्या वाटेने.

मैदानातल्या बाकावर मिलमधले दोन जुने सोबती, धोंडबा आणि चंपतराव, बसले होते. गुलाबरावांनी त्यांना मधला रस्ता विचारला: माझ्याकडून नगद घ्या आणि तुमच्या खात्यातून शोरूमला पाठवा. धोंडबांनी लगेच खिशात हात घातला आणि तसाच रिकामा बाहेर काढला. त्यांच्या खात्याचे मेसेज सून खुशबूकडे जायचे. चंपतरावांची मुलगी ममता नागपूरला. तिने बापाला स्कॅन करून पैसे द्यायला शिकवलं होतं, पण ते खातं तिच्याही फोनात उघडायचं. गेल्या रविवारी त्यांनी स्कॅन करून मटण घेतलं, तर मटण शिजायच्या आधी तिचा फोन आला, की डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? तापल्या लोखंडाच्या कांबी सरळ करण्यात ज्यांची हयात गेली, त्या तिघांना मिळून एक्केचाळीस हजार सरळ मार्गाने खर्च करता येईनात.

घरी गिरजाबाई तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याने सगळं सांगितलं. बुलेटचं त्यांना माहीतच होतं. दिवाण रोज त्याच झाडायच्या.

"खातं कोणाचं हाये?" त्यांनी विचारलं.

"माहं."

"मंग नंबर पोराचा कावून?"

"त्यानंच टाकला ना तवा."

"तर काढा आता. तुमच्यापाशी मोबाईल हाये ना? दिवसभर तर बोटं घासून राहिले त्याच्यावर."

गुलाबराव भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याले वाईट वाटंल."

खरी गोम इथे होती. नंबर बदलता येतो हे गुलाबरावांना ठाऊक होतं, धोंडबांना होतं, चंपतरावांनाही होतं. बाकावर तेवढाच एक उपाय कुणी काढला नाही.

गिरजाबाईंनी तांदळातला खडा शोधून बाजूला टाकला. "वाटू द्या. तुमाले स्कूटरचं वाटलं नाही का? मेले का तुमी?"

दुसऱ्या दिवशी गुलाबराव इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेले. अर्ज दिला, आधार दाखवलं, सही केली. काउंटरवरच्या माणसाने जाता जाता सांगितलं, की जुन्या नंबरावर एक शेवटचा मेसेज जाईल, नियम आहे. गुलाबरावांचा हात अर्जाकडे गेला. त्या माणसाने विचारलं, रद्द करायचं का? मागे रांग होती. गुलाबराव म्हणाले, जाऊ द्या.

बँकेच्या पायऱ्या उतरेपर्यंत फोन वाजला.

"बाबा, कोणीतरी तुमच्या खात्याचा नंबर बदलला. फ्रॉड आहे. कोणाला काही सांगू नका, मी आत्ता खातं बंद करतो."

"मीच बदलला."

पलीकडे पुण्याच्या रहदारीत अतुलने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कावून?" अतुलने विचारलं. हिंदी मुलखात वाढल्याने मराठी शाळेत तो कधी गेला नव्हता, ऑफिसात हिंदी-इंग्रजी बोलायचा. पण हा शब्द घरचाच निघाला.

"बुलेट घेऊन राहिलो. थोडे पैसे खात्यातून द्या लागते, म्हणून."

मग अतुल बोलला. गुडघा, वय, अहिवाऱ्याच्या रस्त्यावरचे चुनखडीचे ट्रक, आईचं कोण बघेल, सगळं आलं. त्यातलं निम्मं खरं होतं, हे गुलाबरावांना कळत होतं. मिलमध्ये भोंगा वाजायचा तेव्हा जसे उभे राहायचे, तसे ते पायरीवर उभे राहिले आणि तो थांबेपर्यंत थांबले.

"झालं बोलून? बेटा, मी तुले इचारून नाही राहिलो. सांगून राहिलो."

हे वाक्य तोंडातून निघाल्यावर गुलाबरावांनी कठड्याला हात लावला. फोन कट झाला की काय म्हणून स्क्रीन बघितली. चालू होता.

"आईले माहीत आहे?"

"मागं तीच बसनार हाये."

मग अतुल म्हणाला, "हेल्मेट दोन घ्या. चांगले घ्या. मी पैसे पाठवू का?"

"नको," गुलाबराव म्हणाले, "ते नगद घेतो."