धाकटीची डोकेदुखी

जिन्याच्या कठड्यावर बामच्या डबीचं झाकण वाजलं. टक, आणि लगेच पुन्हा टक.

दुपारचं घर अगदी गप्प होतं. खाली लाँड्रीचं शटर अर्धं ओढलेलं, वाफेची इस्त्री निवत आलेली, दोघे भाऊ जेवून कपड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून पेंगत असलेले. त्या शांततेत तो आवाज धाकटीच्या कानात काडी घातल्यासारखा गेला. तिनं कोरणी उशीच्या अभ्र्यात सरकवली, मांडीवरचा लिनोचा तुकडा गादीखाली ढकलला, चुरा फुंकरीनं पलंगाखाली उडवला आणि आडवी झाली. कोपऱ्यात बाहुलीला झोपवत बसलेली तिची लेक, ठकी, न सांगताच उठली. तिनं पडदा ओढला आणि बाहुलीला दटावलं, "शू. आईचं डोकं दुखतंय. खोटं-खोटं."

"गप गं," धाकटी पुटपुटली आणि कपाळाला बाम चोळायला लागली.

दार लोटून सासूबाई आत आल्या. मागे मोठी जाऊ, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या मुठीत ती डबी.

"झालं का सुरू?" सासूबाई म्हणाल्या.

"सकाळपासून ठणकतंय म्हणे," मोठीनंच उत्तर दिलं. "मीच म्हटलं, पड जरा."

सासूबाईंनी धाकटीच्या कपाळावर हात ठेवला. कपड्यांना खळ घालून घालून खरखरीत झालेला हात, पण ठेवला हळूच. "ताप नाही. एक बरंय, डोकं आहे याचा पुरावा तरी मिळतो अधूनमधून."

मोठी फिसकन हसली. "चला आई, पडू दे तिला. हॉटेलच्या चादरी मी काढते."

"एकटी?"

"एकटी कसली. मशीन आहे की सोबतीला."

जाता जाता दाराच्या फटीतून तिनं धाकटीकडे बघत भुवई उडवली. म्हणजे, लाग कामाला.

ही सगळी युक्ती मोठीचीच. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या घडीत, चार-दोन छाप होते. लग्नाआधी ती संध्याकाळच्या वर्गाला जायची, तिथे शिकलेलं काम: जमिनीवर अंथरतात तसल्या जाड लिनोवर चित्र कोरायचं, शाई फासायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं. इथे आल्यावर लाँड्री, मग बाळंतपण, मग पुन्हा लाँड्री. छाप तळाशीच राहिले. एकदा ठकीचा स्वेटर शोधताना ते मोठीच्या हाती लागले. ती ते घेऊन खिडकीशी गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

"हे तू केलंस?"

"हो. असंच, तेव्हा."

"आणि आता?"

"आता कुठलं, ताई. श्वास घ्यायला वेळ नाही."

मोठीनं छाप होते तसे घडीत ठेवले. "मला काही करता येत नाही गं. गाता येत नाही, विणता येत नाही, मूलही झालं नाही. मला नुसतं बघता येतं. बघण्यासारखं काहीतरी कर तू."

धाकटीला वाटलं, बोलली आणि झालं. पण मोठी बोलून सोडून देणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्याच दिवशी चादरीची दोन टोकं दोघींनी धरलेली असताना ती म्हणाली, "आजारी पड."

"काय?"

"चित्रांसाठी वेळ मागितलास तर या घरात कुणी देणार नाही. आजारपणाला देतात. अर्ध्या दिवसाचं काहीतरी धर."

"पोटात दुखतं म्हणू?"

"वेडी का काय. पोट डॉक्टर दाबून बघतात. डोकं कोण उघडून बघतंय?"

तेव्हापासून धाकटीचं डोकं दुखायला लागलं. शाईचा वास दाराबाहेर जाऊ नये म्हणून बाम, आणि कुणी जिना चढू लागलं की बामच्याच डबीची खूण. डोकेदुखीनं घरात बस्तान बसवलं. सासूबाई तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डोळे उत्तम निघाले. "म्हणजे डोकंच," सासूबाई परत येताना रस्ताभर म्हणत राहिल्या. नवरा बिचारा रात्री तिचं कपाळ चेपून द्यायचा. त्याला खरं सांगावं असं तिला किती वेळा वाटलं, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. पोरीपासून मात्र लपवणं शक्य नव्हतं. ठकीला त्यांनी सांगून टाकलं, हा आपल्या तिघींचा खेळ आहे. ठकी तो घरातल्या कुणाहीपेक्षा नेटानं खेळायची.

धाकटी कोरायची ते खालचंच जग. वाफ, दोऱ्या, वाळत घातलेल्या चादरींच्या भिंती आणि त्यांच्यामधली एक बाई. बाई प्रत्येक वेळी मोठीच असायची. सासूबाई बाजारात गेल्या की मोठी वर यायची, छाप हातात घ्यायची आणि जिभेला हाड नसल्यासारखी बोलायची.

"हिची पाठ खोटी आहे."

"खोटी म्हणजे?"

"ओला गठ्ठा उचलणारी बाई अशी ताठ नसते. ही बघ." आणि ती खरोखर कोपऱ्यातला गठ्ठा उचलून दाखवायची, वाकून, गुडघ्यांवर जोर घेत. "आता कोर."

एकदा तिनं असाच गठ्ठा खाली ठेवला आणि तशीच उभी राहिली, उजव्या कुशीवर हात दाबून, एका अंगाला किंचित कलून. त्या कलण्यात धाकटीला एकदम सगळं चित्र दिसलं. "ताई, असंच," ती घाईघाईनं म्हणाली. "तो हात तिथेच राहू द्या. हलू नका."

"लवकर कर बाई," मोठी हसत म्हणाली. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ते धाकटीनं कोरले नाहीत. एवढं बारीक लिनोवर येत नाही. हात मात्र उत्तम आला. त्या हातानं चित्राला तोल आला. मग पुढच्या प्रत्येक छापात तो येत गेला.

एक छाप मोठीनं तिला न विचारता उचलला आणि चित्रांना चौकटी करून देणाऱ्या बाईंच्या पडद्यांच्या घडीत सरकवून दिला. त्या बाई लाँड्रीच्या जुन्या गिऱ्हाईक. दोन दिवसांनी त्या छाप हातात घेऊन दुकानात हजर. "पडद्यांत हे काय आलं?"

"चुकून गेलं असेल," मोठी खळ ढवळत म्हणाली. "पण आवडलं का?"

आवडलं होतं. त्यांच्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर त्या चित्रं लावत. ही बाई एका भिंतीभर हवी म्हणाल्या. धाकटी आधी सासूबाई ऐकत नाहीत ना ते बघून आली. मोठी मात्र त्या दिवशी काम करता करता गुणगुणत होती, गाता येत नसूनही.

भिंतीसाठी आता एकच चित्र राहिलं होतं, काम उरकून बसलेल्या बाईचं. तेच होईना. मोठी बसलेली धाकटीनं कधी पाहिलीच नव्हती. बस म्हटलं तर ती पलंगाच्या कडेला टेकल्यासारखं करायची आणि खालून हाक आली की उठायची. "मला नाही बसता येत. उभीच काढ."

"सगळ्या उभ्याच आहेत, ताई."

"मग राहू दे तुकडा तसाच. बसेन कधीतरी."

एका सकाळी ओल्या चादरी मशीनमधून काढता काढता मोठी जमिनीवर बसली. ती कधी बसत नसे, म्हणून आधी कुणाला कळलंच नाही की ती पडली आहे.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तिची कूस दाबली तेव्हा तिनं पलंगाची दांडी पकडली. "कधीपासून दुखतंय?"

"हे काय, चार-पाच दिवस," मोठी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या भाऊजींना बाहेर बोलावून घेतलं. धाकटी दारातच उभी होती, तिलाही ऐकू आलं. गाठ आहे. पसरली असावी. मोठे डॉक्टर उघडून बघतील, मगच काय ते सांगतील. फार आधी यायला हवं होतं. भाऊजी मान हलवत राहिले, एखादं गिऱ्हाईक कपड्याचा डाग दाखवत असावं तशी.

मोठीचे कपडे आणायला धाकटी घरी आली. कपाट उघडायच्या आधी तिनं गादी उचलली आणि सगळे छाप पलंगावर मांडले. चादर झटकणारी, दोरीशी हात उंचावलेली, इस्त्रीवर वाकलेली. एक हात कामात आणि दुसरा उजव्या कुशीवर. एकेक बोट तिनं खोल कोरलं होतं. अंगठा रुतलेला, बोटं आवळलेली. माणूस दुखतं तिथे असा हात दाबतं, हे ठकीलाही कळलं असतं. तिला त्यात तोल दिसला होता. हलू नका, म्हणाली होती ती.

ती परत गेली तेव्हा मोठी उशांना टेकवून बसवलेली होती. जवळ कुणी नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?"

"ताई, मी छाप बघून आले."

मोठीनं पांघरुणाचं टोक घडी घातल्यासारखं दुमडलं. मग म्हणाली, "घरात एका वेळी एकच आजारी परवडतं. तुझा नंबर आधी लागला होता."

"हसण्यावारी नेऊ नका."

"मग काय करू? मी आडवी झाले असते तर चादरी तुझ्या गळ्यात आल्या असत्या. हातात कोरणी धरली असतीस कधी? मला वाटलं, तेवढी भिंत भरली की मग दाखवू डॉक्टरला. कळ काय, काढता येते."

"मला नको ती भिंत. आज घरी जाऊन सगळ्यांना सांगते. ते तुकडे टाकून देते."

"टाक," मोठी शांतपणे म्हणाली. "मग मी कशासाठी काढली कळ, तेही सांगून जा."

धाकटीला हुंदका आवरेना. मोठीनं तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तिचा हात नेहमी गरम असायचा, इस्त्रीजवळचा. आता गार होता.

"इकडे बघ. तुला बसलेली बाई हवी होती ना? ही बसलीय. कुणी हाकही मारत नाही. नीट बघून घे आणि शेवटचं करून टाक. तोपर्यंत घरी तोंड उघडायचं नाही. मला भिंत बघायचीय."

धाकटीनं बघायचा प्रयत्न केला. मांडीत टाकलेले हात, उतरलेले खांदे, मानेवर चिकटलेले केस. बघवेना, तरी डोळे आपले एकेक रेघ उचलत राहिले. त्या क्षणी तिला स्वतःच्या डोळ्यांचा राग आला.

संध्याकाळी सासूबाई दुकानात एकट्याच घड्या घालत होत्या. ठकी त्यांच्या पायाशी अभ्रे मोजत होती. मोठीनं दिलेली ताकीद आठवत होती, तरी धाकटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आई, माझं डोकं..."

"दिसतंय," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "तोंड बघ कसं झालंय. वर जाऊन पड."

"तसं नाही. रात्री इस्पितळात मी बसते. चादरी मी काढते. मला काही..."

"तू काही करायचं नाहीस." त्यांचा आवाज चिरकला. हातातली चादर त्यांनी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. "एक पडली तेवढी पुरे. ती राबत राहिली, मला दिसलं नाही. तुझं तरी वेळेवर दिसू दे. जा, पोरीला घेऊन वर जा."

धाकटी ठकीचा हात धरून जिना चढली.

आता वेळच वेळ होता. डबीची खूण करायला कुणी नव्हतं आणि जिना चढून कुणी येणारही नव्हतं. खाली मशीन सुरू झालं. सासूबाईंनी गठ्ठा उचलून टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग त्यांचा कण्हल्यासारखा श्वास. तिचा नवरा काहीतरी म्हणाला, त्यांनी त्याला गप्प केलं.

धाकटीनं कोरा तुकडा गादीखालून काढला. पेन्सिल घेतली. खांद्याची रेघ पहिल्याच फटक्यात आली, मग मान, मग मांडीतले हात. इतकं सोपं तिला कधीच गेलं नव्हतं. तिनं कोरणी उचलली आणि रेघेच्या तोंडाशी टेकवली. हात पुढे जाईना.

ठकी पलंगावर चढून तिच्या खांद्यावरून बघत होती.

"ही मोठी आई?"

"हो."

"बसलीय."

"हो."

"इस्पितळात बसलीय?"

"हो गं राणी."

ठकीनं दाराकडे बघून घेतलं, कुणी नाही ना म्हणून. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन, खेळाच्या आवाजात, अगदी हळू विचारलं,

"आई, तिचं पण खोटं-खोटंच दुखतंय ना?"