चौथं वल्हं

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दिवसांत बाळापूरकडचा खुशालराव धाकट्या भावाला, सहदेवला, घेऊन कापसासोबत मुंबईला गेला. भुसावळपर्यंत बैलगाड्या, पुढं आगगाडी.

मुंबईत त्या आठवड्यात नावांच्या शर्यती भरल्या होत्या. दूरदूरच्या बंदरांवरून वल्हेकरी आले होते. किनाऱ्यावर साहेबांचे मांडव, झेंडे, बँड. कापसाच्या पेढ्यांनीही आपापल्या नावा उतरवल्या होत्या. खुशालराव ज्या पेढीवर उतरला होता, तिच्या नावेत चार वल्हेकरी. त्यातला एक तापानं आडवा पडला. शेठ हळहळू लागला तसा खुशालराव छाती काढून म्हणाला, "माहा भाऊ पुरातली पूर्णा डोंग्यानं पार करते. त्याले बसवा."

सहदेवनं त्याला बाजूला घेतलं. "दादा, पूर्णेचा काठ मले दिसते. इथं पाठमोरं बसून वल्हं मारा लागते. कुठी चाललो तेच समजत नाही. मी नाही बसत."

"भेला का? शेठले शब्द देऊन बसलो मी. चार लोकाइत माही मान खाली घालतं?"

सहदेव धोतर खोचून नावेत जाऊन बसला.

अर्ध्या पल्ल्यावर दुसरी एक नाव आडवी आली. वल्ह्यांत वल्ही अडकली आणि पेढीची नाव उलटली. बाकीचे तिघं कोळी. ते नावेच्या बुडाला धरून राहिले. सहदेवचं डोकं एकदाच वर आलं. ओहोटी लागली होती, तिनं त्याला बाहेर ओढून नेलं. खुशालराव काठावरून ओरडत राहिला. मांडवात बँड वाजतच होता, कारण मागच्या नावा अजून यायच्या होत्या.

तिसऱ्या दिवशी खाडीच्या चिखलात प्रेत सापडलं. चिता विझल्यावर पेढीचा मुनीम हळूच म्हणाला, "घरी पटकीनं गेला म्हणून सांगा. कोण विचारायला येतंय?"

परतीच्या वाटेवर खुशालरावनं तेच वाक्य मनात घोकलं. पण ओसरीवर आई आणि दाराआड सहदेवची बायको रुख्मिणी दिसली, आणि पटकीचं नाव तोंडातून निघेना. त्यानं सगळं खरं सांगून टाकलं. सहदेव नाही म्हणाला होता, तेसुद्धा.

रुख्मिणी थोरल्या दिराशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. त्या दिवशी ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"जितलं कोन?"

"म्या पाहलं नाही."

"पाहा लागत होतं," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तं बसवलं तुमी त्याइले."

तेरावं झाल्यावर ती नांदगाव खंडेश्वरला माहेरी निघाली. गाडी खुशालरावनंच हाकली. वाट तीन दिवसांची होती. दारात उतरल्यावर त्यानं हात जोडले. तिनं ते पाहिलं, गाठोडं उचललं आणि आत गेली.

बैलांना पाणी पाजून तो त्याच पावली परत फिरला.