कात्री कोणाच्या हातात

घरी जाऊन केस-चेहरा करून देणाऱ्या बायकांचं ॲप होतं. त्यात नाव नोंदवताना धाकटीला प्रश्न आला, ‘हे काम का करायचं आहे?’ खाली चार चौकोन. जादा कमाई, सोयीची वेळ, स्वतःचा मालक होणं, इतर. तिने ‘इतर’वर टिचकी मारली. ‘इतर म्हणजे काय गं?’ असं ॲपने विचारलं नाही, म्हणून ते तिला एकदम आवडलंच.

घरची माणसं एवढी सभ्य नव्हती.

“पैसे कमी पडतात का?” नवऱ्याने विचारलं.

“भांडलात ना दोघी जावा?” सासूबाई.

“सुटलीस बाई जावेच्या तावडीतून!” शेजारीण.

“तसंच काहीसं,” म्हणून तिने तिघांनाही वाटेला लावलं. खरं कारण इतकं बारीक होतं की सांगायची लाज वाटावी. तिला केस कापायचे होते.

पार्लर थोरल्या जावेचं. धाकटी तिथे अकरा वर्षं होती. केस धुवायचे, विंचरायचे, भाग पाडून चिमटे लावायचे आणि उजव्या बाजूला उभ्या असलेल्या थोरलीच्या हातात कात्री द्यायची. मग खाली पडलेले केस झाडून घ्यायचे. थोरली काही वाईट नव्हती. धाकटी तापाने फणफणली तेव्हा हीच उशाशी बसली होती. पण कात्रीचा विषय निघाला की तिचं एकच. “धाकटे, भुवई बिघडली तर पेन्सिल आहे. कापलेले केस चिकटवता येत नाहीत.”

मग धाकटी नवऱ्याच्या डोक्यावर शिकली. तो बिचारा वर्षभर टोपी घालून हिंडला. शेवटी टोपी सुटली, तेव्हा तिने ॲपवाल्यांची परीक्षा दिली आणि पुतळ्याचे केस कापून पास झाली.

पहिलं बोलावणं आलं त्या दिवशी थोरली दारापर्यंत आली. “पहिल्याच कामाला तक्रार झाली तर नाव काढून टाकतात म्हणे. तसं झालंच, तर मुकाट्याने परत ये. केरसुणी आहेच.”

गिऱ्हाईक म्हणजे एक दातांच्या डॉक्टरीणबाई. दुपारच्या सुट्टीत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये, भिंतीवरच्या आरशासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. केस कमरेपर्यंत. “खांद्यापर्यंत करा. अडीचला पेशंट आहे.”

धाकटीने केस ओले केले, विंचरले, भाग पाडले, चिमटे लावले. हात कसे सराईत चालले होते! मग तिने पिशवीतून कात्री काढली आणि उजवीकडे धरली.

धरूनच राहिली. तिकडे फक्त कापसाचं खोकं होतं.

डॉक्टरीणबाई आरशातून बघत होत्या. “कोणाला देताय?”

धाकटीने कात्री मागे घेतली. आता खोटं काय बोलणार? “जाऊबाईंना. म्हणजे, नेहमी त्याच कापतात. मी आज पहिल्यांदाच...”

झालं, उठणार ही बाई, तिला वाटलं. तक्रार करणार. केरसुणी.

बाई मात्र खुदकन हसल्या. “पहिला दात उपटताना मीसुद्धा मागे वळून सरांकडे बघितलं होतं. सर चहा प्यायला गेले होते.”

“मग?”

“मग काय, पेशंट आ करून बसला होता. उपटला.” त्यांनी मान सरळ केली. “चला, मीही बसलेय.”

कात्री फिरली. हातभर केस खाली पडले, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

संध्याकाळी थोरली पार्लरच्या पायरीवर उभीच होती. “काय गं, चुकलीस ना?”

“चुकले. डावी बाजू बोटभर लांब राहिली.”

“बघ! सांगत होते मी! मग कोणी निस्तरलं?”

“कोण निस्तरणार, ताई? तिथे दुसरं होतं कोण?” धाकटी चपला काढत म्हणाली. “मीच कापली.”