निववलेलं दूध

"उकळाबाई आल्या! भांडी झाका, नाहीतर गोठ्यासकट उकळतील," नर्सबाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा बादलीतलं दूध कॅनमध्ये ओतत हसला.

दवाखान्यातल्या नर्सबाईंना सगळी वस्ती उकळाबाईच म्हणायची. दूध उकळून प्या, हे दारोदार सांगत त्या झिजल्या होत्या. एरवी त्याही हसल्या असत्या. आज बहिणीच्या रक्ततपासणीचा निकाल कळला होता.

आत बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. संध्याकाळी चढणारा ताप पहाटे घामात विरायचा आणि दिवसभर हाडं ठणकत ठेवायचा. गेल्या महिन्यात पोटातलं बाळही गेलं होतं.

"गाईचा आजार आहे हा. दुधातून आलाय. कच्चं पितेस ना?"

"नाही गं ताई, तुझी शपथ! आई उकळूनच देतात."

तेवढ्यात सासूबाई वाफाळता पेला घेऊन आल्या. बोट बुडवून बघितलं, चटका बसला. "जीभ पोळेल गं पोरीची," म्हणत त्या दाराशी गेल्या, बादलीतून ताज्या धारेचं ओगराळंभर दूध घेऊन पेल्यात ओतलं आणि तो सुनेच्या ओठांना लावू लागल्या.

नर्सबाईंनी पेला हिसकावला. "मावशी! रोज असंच निववता?"

"मग? कढत पाजू होय लेकराला? आणि धारेचं दूध अंगी लागतं."

त्या भाबड्या चेहऱ्यावर ओरडावं तरी कसं? नर्सबाई तरातरा गोठ्यात गेल्या.

"तांबडी गाय गाभडली होती ना हिवाळ्यात? जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलीत?"

"गाई गाभडतातच, ताई. त्यात काय दाखवायचं?"

"आणि तिचं दूध? आजही ह्याच कॅनमध्ये?"

"लोक उकळून घेतात की! तुम्हीच शिकवलंत."

"मी शिकवलं ते त्यांनी जगावं म्हणून! तुम्ही आजार घरोघर वाटावा म्हणून नाही!" त्यांचा आवाज पत्र्यावर आपटला. "गाईचं वासरू गेलं, तुम्ही गप्प. बायकोचं बाळ गेलं, तरी गप्प! आणखी कुणाचं जायची वाट बघताय?"

तो खाली बघत कॅनचं झाकण लावू लागला. सवयीनं.

दारात सासूबाई उभ्या होत्या. ओगराळं अजून हातातच.

"म्हणजे... मी पाजलं?"

त्यांनी पदर खोचला, मुलाला बाजूला सारलं. "खड्डा खण. चुना आण. हा कॅन गावात जायचा नाही."

"अगं आई, सगळं दूध..."

"खण म्हणते ना!"

संध्याकाळी तांबडीची कास ताठरली, ती हंबरू लागली. जनावरांचे डॉक्टर सकाळी येणार होते. तोवर पिळणं भाग होतं. नर्सबाईंनी सासूबाईंच्या हातांवर रबरी मोजे चढवले, दुधातले जंतू मरावेत म्हणून बादलीच्या तळाशी चुना घातला. सासूबाई खाली बसल्या. मोज्यांचा थंड स्पर्श होताच गाय बिचकली, लाथ झाडून दूर सरकली. तिला हात ओळखू येईना.

सासूबाई तिच्या पोटाला कपाळ टेकून हलकेच म्हणत राहिल्या, "मीच आहे गं. मीच."