नखाखालची लाली

सुताराचं बोट करवतीत गेलं आणि डॉक्टरीणबाईंनी ते परत जोडलं, इथवर देवाची कृपा. पुढचं सगळं मात्र सुतारणीच्या गळ्यात पडलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बोलावून नीट समजावलं होतं. मोठ्या रक्तवाहिन्या त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शिवल्या होत्या. पण बोटाचं टोक जगवायचं ते केशवाहिन्यांनी, केसाहूनही बारीक असलेल्या नळ्यांनी. तिथं कुणाची सुई पोचत नाही. म्हणून अधूनमधून नख हलकेच दाबायचं. ते पांढरं पडेल, सोडलं की लाली लगेच परतली पाहिजे. नाही परतली तर तडक बोलवायचं, उशीर झाला तर बोट काढावं लागेल.

तेव्हापासून बिचारी डोळ्यांत तेल घालून बसली होती. सुतार महाहट्टी. बोट गेलं तर पटाशी धरायची कशी, या धास्तीनं त्याला घास उतरत नव्हता, पण तोंडानं कबूल करेल तर शपथ!

दुपारी ती डबा धुऊन आली आणि नख बघते तर पांढरंफटक. दाबलं, सोडलं, लाली काही येईना. तिनं चादर सारली, तर बोटाच्या बुडाशी रुमाल करकचून आवळलेला.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

सुतार ओशाळला. "सांधा जोडला की शिकंजा आवळावाच लागतो गं. नाहीतर निसटतो."

जन्मभर लाकूड जोडलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार, कपाळ! तिनं गाठ सोडली आणि नर्सला हाक मारली. नर्सनं नख पाहिलं, हात उबेत ठेवायला सांगितला आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावली.

सुतारणीनं तो हात दोन्ही तळव्यांत घेतला. राग आला होता, पण जीव इतका तुटत होता की रागावताही येईना.

"लाकडाला रक्त लागत नाही हो," शेवटी ती म्हणाली. "तुम्हाला लागतं."

सुताराचे डोळे भरले. बोट जाईल का, असं त्यानं पहिल्यांदाच विचारलं. ती नखाकडेच बघत राहिली. आधी कडेला, मग मधोमध, लाली रेंगाळत वर आली.

डॉक्टरीणबाईंनी येऊन नख दाबून पाहिलं आणि बोट वाचल्याचं सांगितलं. आता हात सोडलात तरी चालेल, असंही म्हणाल्या.

ती सोडायला तयार होती. सुतारानंच दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून ठेवलं, अगदी सैल.