तपकिरी पाण्याचा चमत्कार

रविवारी सकाळी इमारतीच्या सभागृहात अकरा टब मांडले होते आणि त्यांत पाय बुडवून अकरा माणसं खुर्च्यांवर बसली होती. उरलेली इमारत भोवती उभी. कुणी बाकावर चढलेलं, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावरून मान लांब करून बघत होतं. प्रत्येक टबात मुठीएवढी एक जाळीदार डबी सोडलेली आणि तिची वायर एका पांढऱ्या पेटीत गेलेली. पेटीवरचा हिरवा दिवा लागला, पाच मिनिटं गेली आणि स्वच्छ पाणी पिवळं पडलं. आणखी पाच मिनिटांत ते तपकिरी झालं, वर काळे कण तरंगायला लागले, कडेने फेस धरला.

"हे पाणी नाही, मंडळी," निर्मळभाऊ म्हणाले. "हा तुमच्या शरीरात दहा वर्षं मुक्काम ठोकून बसलेला कचरा आहे. आज त्याला आपण जागा खाली करायला लावली."

निर्मळभाऊ हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलेलं. अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट, पण डॉक्टर आहात का असं विचारलं की हसून म्हणायचे, डॉक्टर रोग शोधत बसतात, मी काढून दाखवतो. तपकिरी रंग म्हणजे यकृतातला मळ, काळे कण म्हणजे सांध्यांतला आणि फेस म्हणजे मनात साठलेला राग, असा त्यांचा तक्ता होता. वकीलकाकांच्या टबात सगळ्यांत जास्त फेस आला, तेव्हा त्यांच्या बायकोने अशी काही मान डोलावली की पुढे पुरावा द्यायची गरजच पडली नाही. रागाचा फेस होत असता तर इमारतीच्या दर सभेत हे सभागृह फेसाने भरून गेलं असतं, पण हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग निर्मळभाऊ एकेकापुढे जाऊन विचारू लागले. काय विचारत होते ते नीट ऐका. कसं वाटतंय, असं नाही. इतरांसारखं तुम्हालाही हलकं वाटतंय ना, असं. सेक्रेटरी हो म्हणाले. वकीलकाका हो म्हणाले. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्याही हो म्हणाल्या. दहा हो झाल्यावर अकराव्या खुर्चीवर धाकटी बसली होती.

इमारतीत तिला सगळे धाकटीच म्हणायचे, कारण तिसऱ्या मजल्यावर पाळणाघर चालवणारी तिची ताई ही सगळ्यांचीच ताई होती. धाकटी शहराबाहेरच्या एका कारखान्यात चौदा वर्षं काम करत होती. नळ, कड्या, बिजागऱ्या यांवर चकचकीत मुलामा चढवायचा तो कारखाना. टाकीत पाणी, पाण्यात क्षार, त्यात धातू, त्याला वीज, हे तिचं रोजचं काम. टबातलं पाणी बदलताना बघून तिच्या मनात काहीतरी टोचलं होतं. पण शेजारी मॅडम, पलीकडे वकीलकाका. एवढी शिकलेली माणसं बसलीत, त्यांना कळत नसेल का, असं तिला वाटलं. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे होत्या, आणि आठवडाभर उभं राहून काम केल्यावर कोमट पाण्यात पाय बरेही वाटत होते.

"हो, थोडं हलकं वाटतंय," ती म्हणाली.

या चार शब्दांवरून पुढे तिने स्वतःला इतके बोल लावले की विचारू नका. कारण लगेच एक कागद फिरला. ज्यांना गुण आला त्यांनी सह्या करायच्या होत्या. धाकटीने सही केली आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या ताईने कागद हातात घेतला. तुला वाटलं ना, मग झालं तर, म्हणाली आणि तिनेही केली. ताईची सही पडल्यावर पाळणाघरात मुलं सोडणाऱ्या आया कशाला मागे राहतात? ताई मुलांना शिळं दूध देत नाही, मग खोट्या कागदावर सही कशी करेल? महिन्याभरात इमारतीत एकोणीस यंत्रं आली. ज्यांच्याकडे नव्हतं ते जिन्यात भेटले की आपणहून कारणं सांगायला लागले.

ताईला बारा वर्षांचा मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. निर्मळभाऊंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की सुई साखरेला आत दाबते आणि यंत्र तिला पायांतून खाली उतरवतं, दोन्ही एकदम केलं तर शरीर गोंधळतं. पाणी जितकं गरम तितकी साखर लवकर उतरते, हेही सांगितलं होतं.

धाकटीला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या लक्षात आलं ते एवढंच, की ताई सारखी पाणी पिते, सारखी उठते आणि मुलांना उचलताना धापा टाकते. एका सुट्टीच्या दिवशी फ्रिज पुसायला घेतला तेव्हा इन्सुलिनच्या बाटल्या गेल्या महिन्यात आणल्या तेवढ्याच जशाच्या तशा दिसल्या. तिने विचारलं, ताईने आधी उडवाउडवी केली, मग सांगितलं की तीन आठवडे झाले. वर म्हणाली, माझी डबी विषाने भरलीय, खाली सेक्रेटरींकडून नवी घेऊन ये.

धाकटीने नवी डबी आणली नाही. जुनी घेतली आणि तिची जाळी उचकटली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या. एक कुरतडल्यासारखी झिजलेली, अर्धी तर नाहीशीच झालेली. दुसरी बरी. बघितल्याबरोबर तिने कपाळावर हात मारून घेतला. कारखान्यात नवं माणूस आलं की हमखास एक चूक करतं, तारा उलट्या जोडतं. मग मुलामा चढायचं बाजूलाच राहतं, टाकीत बिजागरीच विरघळायला लागते आणि तासाभरात पाण्याचा गंजाचा काढा होतो. गेल्याच वर्षी एका नव्या मुलीच्या चुकीपायी धाकटीने अख्खी टाकी उपसली होती. चौदा वर्षं जे ओळखून लोकांना ओरडत आली, तेच तिने स्वतःच्या पायाशी बघितलं होतं आणि हलकं वाटतंय म्हणाली होती.

तिने ताईसमोर टबात पाणी भरलं, निर्मळभाऊंच्या पुडीतला क्षार टाकला, म्हणजे साधं मीठ, शेजारून मागून आणलेल्या डबीला वीज दिली. पाय कुणाचेच नाहीत. दहा मिनिटांत पाणी तपकिरी. ताईने वाकून टबात बघितलं.

"पाण्याचं तू म्हणतेस तसं असेल," ती म्हणाली. "पण एवढे सगळे लोक खोटं बोलतात का गं? तूसुद्धा म्हणालीस ना हलकं वाटतंय म्हणून?"

सुई घे म्हणून धाकटी विनवत राहिली, रागावली, रडली. ताई म्हणाली, रविवारी निर्मळभाऊ येतात, त्यांना विचारून घेते. सख्ख्या बहिणीपेक्षा परका कोट मोठा. धाकटी त्या रागाने दोन दिवस धड जेवली नाही.

रविवारी सभागृह भरलं होतं. धाकटी लाकडी स्टूल घेऊन गेली, ते टबात उभं केलं आणि निर्मळभाऊंना म्हणाली, याचं विष काढून दाखवा. लोक हसले. हसता हसता पाणी तपकिरी झालं, काळे कण आले, फेससुद्धा आला. हसणं थांबलं. आता हा माणूस अडकला, असं धाकटीला वाटलं. पण निर्मळभाऊंचा चेहरा काही उतरला नाही.

"या स्टुलावर आजवर किती आजारी माणसं बसली असतील," ते शांतपणे म्हणाले. "लाकूड शोषून घेतं, मंडळी. आता तुम्हीच बघा, यंत्र किती ताकदीचं आहे."

आणि लोकांनी माना डोलावल्या. वकीलकाकांनी डोलावली, ज्यांनी उभ्या जन्मात पुराव्याशिवाय कुणाचं ऐकलं नव्हतं. मॅडमनीही डोलावली. बाकावरचा एकजण तर घरची जुनी खुर्ची आणू का म्हणून विचारायला लागला. धाकटीला स्वतःचे केस उपटावेसे वाटले.

तिने पिशवीतून जुन्या टॉर्चच्या सेलमधून काढलेल्या कार्बनच्या दोन कांड्या काढल्या. डबीतल्या लोखंडी पट्ट्या काढून त्या जागी कांड्या बसवल्या. तीच पेटी, तेच पाणी, तोच क्षार. कार्बनला गंज चढत नाही, तेव्हा पाय घातले तरी पाणी स्वच्छ राहील, असं तिने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं. ती खुर्चीवर बसणार तेवढ्यात निर्मळभाऊ म्हणाले, हिची श्रद्धाच नाही, हिच्या पायांतून काय उतरणार. बरोबर आहे, बरोबर आहे, मागून आवाज आले.

"मी बसते," ताई म्हणाली. "माझं पाणी रोज काळं होतं."

ताई बसली. मोजे काढून तिने पाय पाण्यात सोडले. हिरवा दिवा लागला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. कांड्यांभोवती बारीक बुडबुडे येत राहिले आणि टबाचा तळ पहिल्याइतकाच स्पष्ट दिसत राहिला. म्हणूनच सगळ्यांना ते दिसलं. ताईच्या उजव्या पायाच्या करंगळीखाली बाहेरच्या कडेला मोठा फोड फुटून सोललेलं लाल मांस आणि त्याच्या कडा काळसर.

धाकटी खाली बसली आणि तिने तो पाय हातात घेतला. हे कधी झालं म्हणून विचारलं. ताई वाकून बघत होती. तिने तो फोड त्या क्षणी पहिल्यांदाच बघितला होता. चार-पाच दिवसांपूर्वी पाणी जरा जास्त गरम घेतलं होतं, एवढं तिला आठवलं.

"दुखत नाही तुला?"

"नाही गं." ताईचा आवाज एकदम बारीक झाला. मग ती लोकांकडे बघून बोलली. "मी सगळ्यांना सांगत होते की पाय हलके वाटतात. मला ते हलके वाटत नव्हते. मला ते वाटतच नव्हते. बाकीच्यांना काहीतरी चांगलं होतंय आणि आपल्यालाच होत नाही, असं कसं सांगायचं, म्हणून सांगितलं."

मग मॅडम हळूच म्हणाल्या की त्यांनाही काही वाटलं नव्हतं, वकीलकाका हो म्हणाले म्हणून त्या म्हणाल्या. वकीलकाकांनी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरींनी जमिनीकडे बघितलं आणि कबूल केलं की पहिलं यंत्र त्यांना फुकट मिळालं होतं. एवढा सगळा चमत्कार त्या एका फुकटच्या होकारावर उभा होता. त्यावर वकिलाचा हो, त्यावर मॅडमचा, त्यावर धाकटीचा, त्यावर ताईचा आणि त्यावर एकोणीस घरं. निर्मळभाऊंना एकट्याने सगळ्यांना फसवावं लागलं नाही, सगळ्यांनी मिळून एकमेकांना फसवलं. ते स्वतः तोवर पेट्या गुंडाळून दाराबाहेर पडले होते, त्यांना अडवायचंही कुणाला सुचलं नाही.

ताईची दोन बोटं काढावी लागली. आणखी आठवडा गेला असता तर पाय घोट्यापासून गेला असता, असं रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीला स्पष्ट सांगितलं. इन्सुलिन पुन्हा सुरू झालं. एवढं होऊनही इमारतीतली सहा घरं अजून टबात पाय घालून बसतात. विचारलं तर म्हणतात, निदान नुकसान तर नाही ना. आता यांच्यापुढे किती डोकं आपटायचं?

मॅडम रुग्णालयात ताईला भेटायला आल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर चाचरत म्हणाल्या की शाळेतल्या सगळ्या शिक्षिका हल्ली झोपेसाठी कपाळाला कसलासा पट्टा बांधतात, सगळ्यांना गुण आहे, आपणही मागवावा की काय. धाकटी काहीतरी जहाल बोलणार होती. ताईने तिला हाताने थांबवलं.

"एकेकीला वेगळं गाठून विचारा, मॅडम," ती म्हणाली. "बाकीच्या काय म्हणाल्या ते सांगू नका. पट्टा बांधून किती तास झोप लागली आणि न बांधता किती, एवढंच विचारा. आणि काहीच फरक नाही म्हणाली तर तिला हसू नका. मला कुणी असं विचारलं असतं तर मी इथे नसते."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. पायाला कुठे किती कळतं ते बघायचं होतं. त्यांनी ताईला डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा जाड धागा तळव्याला टेकवला. अंगठ्याला टेकवून विचारलं, लागतंय? धाकटी शेजारी उभी राहून बघत होती. तिला मनातून फार वाटत होतं की ताईने हो म्हणावं.

"नाही," ताई म्हणाली.

टाचेला टेकवला. पुन्हा नाही. पायाच्या मधोमध टेकवला तेव्हा ताई थांबली, कपाळाला आठी पडली.

"इथे कळतंय. थोडंसं."

"नक्की ना? की मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

"नक्की," ताई डोळे मिटूनच म्हणाली. "कळत नसेल तर मी आता हो म्हणणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्या जागेवर पेनाने खूण केली आणि धागा पुढे सरकवला.