बिनमिशीचा माणूस

न्हाव्याच्या हातून मिशी कशी जाते ते आधी सांगतो. मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाला.

डावी बाजू केसभर जास्त कापली जाते. मग उजवी तिच्या बरोबरीला आणायची. आता उजवी जरा उतरते, म्हणून परत डावी. असं करत करत दोन्ही बाजू नाकाखाली येऊन एकमेकींना भेटतात, तोवर भेटायला काही उरलेलं नसतं. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी हे सगळ्यांकडून होतं. माझ्याकडून एकतिसाव्या वर्षी झालं, आणि तेही माझ्या बापाच्या मिशीचं.

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्यांचं विसरणं सुरू होऊन चार वर्षं झाली. आधी नावं गेली, मग वार गेले, मग मी गेलो. मला ते कधी ‘साहेब’ म्हणतात, कधी ‘मालक’. सलून त्यांनीच काढलेलं, पण तिथे येतात पाहुण्यासारखे. फक्त खुर्चीत बसवून मी हनुवटीला बोट लावलं की मान बरोबर हवी तेवढी कलते. ती मान मला ओळखते, असं मी स्वतःला समजावत असतो.

दर रविवारी दुकान उघडायच्या आधी त्यांची दाढी आणि मिशी मीच करतो. मिशी म्हणजे काय होती सांगू! पांढरी, जाड, टोकं किंचित खाली झुकलेली, साठ वर्षं एकाच आकाराची. लोक आमच्या दुकानाला ‘मिशीवाल्यांचं सलून’ म्हणायचे, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

त्या रविवारी नाना मान हलवायला लागले. मी म्हटलं, हलू नका. ते हलले. डावी गेली, उजवी गेली, परत डावी. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं बायको म्हणते, ते काही खोटं नाही. शेवटी वस्तरा घेतला आणि उरलेली मिशी एका फटक्यात साफ केली. वर म्हणालो, “घ्या, मिटली कटकट एकदाची.”

नानांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सावकाश उठले आणि आरशातल्या माणसाला म्हणाले, “बसा ना. तुमचा नंबर आहे.”

मला ना हसता आलं, ना रागावता. मी ब्रश धुवायला आत गेलो. बायकोने गॅसचं काहीतरी सांगितलं, त्यात पाचेक मिनिटं गेली. बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. अंगावरचा कपडा झटकून, चार घड्या घालून खुंटीला लावलेला, आम्हाला शिकवलं होतं तसाच. दार उघडं होतं आणि धुकं आत येत होतं.

ही तिसरी वेळ. पहिल्यांदा ते बसस्टँडवर सापडले. दुसऱ्यांदा कालव्याच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याने हात धरून थांबवलं, नाहीतर काय झालं असतं ते बोलायलाही नको. तेव्हाच ताईने बजावलं होतं. ताई माझी मोठी बहीण, दुसऱ्या शहरात हॉस्पिटलात परिचारिका. तिने एक संस्था पाहून ठेवली होती. फाटकाला कुलूप, मागे बाग, रोज डॉक्टर. तिसऱ्यांदा गेले की मी त्यांना तिकडे नेणार, म्हणाली, आणि मग तू मध्ये यायचं नाहीस. ताईचं चुकीचं नव्हतं. पण मी ती संस्था बघून आलो होतो. तिथे महिन्याच्या एका तारखेला सगळ्या म्हाताऱ्यांना ओळीत बसवतात आणि मशीन फिरवतात, सगळ्यांवर एकच नंबर. नानांना त्या ओळीत बसवायचं? माझ्या जिवाला ते पटेना.

ताई दर रविवारी एक वाजता फोन करते. त्याच्या आत नाना सापडायला हवे होते.

बाहेर धुकं असं दाट होतं की समोरचं घर आधी खिडकी व्हायचं, मग भिंत, मग पुन्हा काहीच नाही. माणसं चार पावलांवर उगवायची आणि मावळायची. आवाज मऊ झाले होते, सायकलची घंटासुद्धा उशीत गुंडाळल्यासारखी वाजत होती. मी माणसं मानेवरून ओळखतो. एकेक मान समोरून तरंगत जायची, तिच्यावर माझीच कात्री फिरलेली दिसायची, आणि ती नानांची नसायची. मला वाटायला लागलं की आपण झोपेत चालतोय आणि कुणी हाक मारली तर जाग येईल.

बेकरीवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एक आजोबा येऊन गेले, काही घेतलं नाही, फक्त माझ्या खांद्यावरचं पीठ हलकेच झटकलं आणि ‘झालं’ म्हणून गेले. मी विचारलं, मिशी होती? नव्हती. मग आमचे नाहीत, म्हटलं, आणि पुढे निघालो.

कपड्यांच्या दुकानदाराने सांगितलं, एक गृहस्थ काचेतल्या पुतळ्याकडे कितीतरी वेळ बघत उभे होते. जाताना सांगून गेले की या साहेबांचा डावा कल्ला वर गेलाय, लक्ष द्या. मी घाईतच विचारलं, मिशी होती? नव्हती. मग नाहीत आमचे.

फाटकाशी कुत्रं घेऊन उभा असलेला बागेचा राखणदार मला थांबवून हसत सांगायला लागला, “आत्ताच एका म्हाताऱ्याने काय सांगितलं माहितीये? म्हणे अख्ख्या गावाला साबण लावून कुणीतरी चहा प्यायला गेलंय.” मलाही हसू आलं. कुणाचा बाप असेल, किती छान बोलतो, असं मनात आलं, आणि हेवासुद्धा वाटला. आमचे नाना असं कधीकाळी बोलायचे. मी विचारलं, गोरापान, मिशीवाला? तो म्हणाला, छे, तोंड अगदी गुळगुळीत.

चौकीत फोटो दिला. हवालदाराने ओळखीची खूण विचारली. मिशी, मी सांगितलं. पांढरी, जाड, लांबूनही दिसते. त्याने ते लिहून घेतलं आणि मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं, नीट लिहिलंय ना म्हणून.

साडेबाराला दुकानात परत आलो, न जाणो आले असले तर. आले नव्हते. बायको दुसऱ्या बाजूने शोधून नुकतीच परतली होती आणि खुर्चीखालचा केर काढत होती. सुपली माझ्यापुढे धरून तिने विचारलं, हे एवढे पांढरे केस कुणाचे?

मी तिथेच बाकावर बसलो.

नाना तीन ठिकाणी सापडले होते. तिन्ही ठिकाणी मीच नाही म्हणालो होतो. ज्या माणसाला सगळ्याचा विसर पडलाय म्हणून मी चार वर्षं उसासे टाकतो, त्याची मिशी मी सकाळी सातला काढली आणि आठ वाजता विसरलो. साठ वर्षांची मिशी माझ्या डोळ्यांत बसली होती, ती वस्तऱ्याने थोडीच निघणार. बायकोने सुपली खाली ठेवली आणि माझी चप्पल पुढे सरकवली.

परत धावलो. बेकरी, पुतळा, बाग. आता प्रत्येकाला विचारलं, कुठल्या बाजूला गेले? तिघांनी एकाच गल्लीकडे हात केला. ती कंगव्याची गल्ली.

कंगवा म्हणजे नानांचा पहिला शागीर्द. कानावर कायम कंगवा खोचलेला, म्हणून हे नाव. बावीस वर्षांपूर्वी माझं आणि त्याचं बिनसलं, मी त्याची पेटी रस्त्यावर भिरकावली, आणि त्याने चार गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून त्या दारावरून जाताना मी पलीकडची बाजू धरतो आणि मान फिरवतो. त्या सकाळीही मी तीनदा तिथून गेलो होतो आणि तिन्ही वेळा मान फिरवली होती. वैर पाळण्यात आमचा हात कुणी धरणार नाही!

काचेतून पाहिलं. नाना खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती पांढरा कपडा. कंगवा त्यांच्या नाकाखाली, जिथे काही नव्हतं तिथे, कानावरचा कंगवा धरून कात्री चालवत होता. टिक टिक, टिक टिक. अंतर राखून, श्वास रोखून, डावीकडून मध्यापर्यंत आणि उजवीकडून मध्यापर्यंत, जशी खरी मिशी करावी तशी. मधूनच वाकून दोन्ही टोकं बरोबर आहेत का बघायचा.

मी आत गेलो. कंगव्याने मला आरशात पाहिलं, थांबला नाही. खालच्या आवाजात म्हणाला की तीन तास झाले, बाकावर बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःच्या आधी पाठवत होते. तुझ्याकडे दोनदा माणूस पाठवला, दुकान बंद होतं. मग खुर्चीत बसले आणि मिशी नीट कर म्हणाले. आता गुरूला नाही कसं म्हणू?

नानांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला जरा थांबावं लागेल.”

“थांबतो.”

“घरी पोरगा वाट बघतोय. माझी मिशी कुणीतरी काढली. मिशीशिवाय तो मला ओळखायचा नाही.”

आता खोटं काय बोलायचं, म्हणून खरं तेच बोललो. “नाही ओळखलं नाना. तिघांनी सांगितलं तरी नाही ओळखलं.”

कंगव्याची कात्री थांबली होती.

“लहान आहे तो,” नाना म्हणाले. “त्याला रागावू नका.”

मी तोंड फिरवून रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, परक्याच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर. कंगव्याने गुपचूप एक टॉवेल माझ्या हातात दिला, तो गरम होता.

तेवढ्यात फोन वाजला. एक वाजला होता. नाना बरे आहेत, झोपलेत, असं सांगायचं मी सकाळीच ठरवून ठेवलं होतं. पण तोंडातून सगळं निघालं. तिसरी वेळ, सहा तास, मिशी, राग, मी तिघांना काय सांगितलं ते, सगळं. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्यांना दे.

मी फोन नानांच्या कानाला लावला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. नाना हूं हूं करत राहिले, आणि शेवटी तिलाही तेच म्हणाले, पोर लहान आहे, सांभाळून घ्या.

फोन परत घेतला तर पलीकडे ती नाक पुसत होती. ताई हॉस्पिटलात चाळीस वर्षं काढलेली बाई, तिला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“मिशी परत यायला किती दिवस लागतात रे?” तिने विचारलं.

“का?”

“ती येईपर्यंत राहू दे त्यांना तुझ्याकडे. दाराला वरची कडी लाव, आजच. मिशी आली की बोलू.”

नानांची मिशी तीन आठवड्यांत भरते. कंगव्यालाही ते माहीत आहे. तो माझ्याकडे बघत होता.

“सहा महिने,” मी म्हणालो.

“बरं,” ताई म्हणाली.